घोरपडीच्या वळणावर दोन गाड्या

सन दोन हजार बारा, मार्च महिन्याचा उत्तरार्ध, बुधवार, सकाळची वेळ. स्थळ मोरवेळ, तालुका पाटण, जिल्हा सातारा, गावाखालच्या कोरड्या ओढ्याचे पात्र. मी, गजानन आबाजी भोईटे, कराडच्या दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला, तेथे पंच या नात्याने उपस्थित होतो. ज्या दोघांमध्ये मी पंच होतो ते दोघेही माझे सख्खे मेहुणे होते, आणि त्या क्षणी एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात होते.

"दाजी, त्याला सांगा, माझ्या गाडीवरनं हात काढ म्हणावं," थोरले रंगराव सपकाळ म्हणाले.

"दाजी, त्याला सांगा, हात लावला तर पत्रा निखळंल याची भीती मलाबी हाय," धाकटे हिंदुराव म्हणाले, आणि हात काढण्याऐवजी त्यांनी त्या जुन्या जीपच्या पुढच्या मडगार्डवर बोटांनी ताल धरला.

दोघांत चार हातांचेही अंतर नव्हते. परंतु दिवाळीपासून त्यांचे एकमेकांशी जे काही बोलणे होई ते तिसऱ्याच्या तोंडून होई, आणि त्या दिवशी तो तिसरा मी होतो.

वादाचे मूळ सांगणे आवश्यक आहे. मोरवेळ हे खोऱ्याच्या तळाशी आहे. तेथून खिंडीपर्यंत मुरमाची चढण जाते, आणि खिंडीत पोहोचले म्हणजे पाटणचा डांबरी रस्ता लागतो. एसटी खिंडीच्या खाली कधी आली नाही. चोवीस वर्षे त्या चढणीवर रंगरावांची जीपच काय ती चालत होती. सैन्याच्या लिलावातून आलेली ती गाडी. मूळचे इंजिन काढून तीत डिझेलचे बसवलेले, दारांच्या जागी साखळ्या, वर ताडपत्री. मग हिंदुराव पुण्याहून परत आले आणि दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी त्याच कंपनीची नवी गाडी दारात उभी केली. तोंडवळा तोच, तेच गोल दिवे, तीच उभी जाळी. जणू आजोबांचे नाक घेऊन नातू जन्माला यावा. मात्र आत थंड हवेची सोय, एका बोटाने वळणारे चाक आणि चारही चाकांना जोर.

वाट एकच, आणि ती एका वेळी एकाच गाडीला पुरेल एवढी. संक्रांतीनंतर एके दिवशी दोन्ही गाड्या चढणीच्या मध्यावर समोरासमोर आल्या. कोणी मागे सरकायचे यावर भाऊ अडून बसले, आणि दोन्ही गाड्यांतली माणसे सकाळपासून उन्हे कलेपर्यंत त्या उतारावर खोळंबून राहिली. त्यांत एक तापाने फणफणलेले मूलही होते. तेव्हा गावाने बैठक घेऊन सांगितले की या वाटेवर गाडी एकच चालेल; जी चढणीला सरस ठरेल ती राहील, दुसरीने खिंडीच्या खाली चाक ठेवायचे नाही. हिंदुरावांना हरण्याची फारशी क्षिती नव्हती; त्यांची गाडी डांबरी रस्त्यावरही चालली असती. रंगरावांची गोष्ट निराळी होती. त्यांची जीप पाटणच्या रस्त्यावर परवान्यात बसत नव्हती. या चढणीवरून ती उतरली म्हणजे भंगारात जाणार, आणि पंचावन्नाव्या वर्षी रंगराव घरी बसणार, किंवा धाकट्या भावाच्या हाताखाली काम मागणार, हे सर्वांना ठाऊक होते.

पंच म्हणून माझे नाव दोघांनीही मान्य केले, त्याची कारणे मात्र भिन्न होती. जुन्या वस्तूंविषयीचे माझे प्रेम जगजाहीर, म्हणून रंगराव निश्चिंत होते. आणि सासऱ्यांच्या तेराव्याला मी रंगरावांना भर पंगतीत खोडून काढले होते व तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो, म्हणून हिंदुराव निश्चिंत होते. माझी पत्नी कलावती, जी या दोघांची बहीण, तिने मला निघताना एवढेच सांगितले होते: "निकाल काय बी द्या. घरी आल्यावर मला सांगू नका."

मी दोन्ही गाड्यांची पाहणी आरंभली. वस्तूची तुलना करायची तर ती अंगोपांग करावी, हा माझा बाणा. रंगरावांनी बॉनेट उघडले तेव्हा आतले सगळे एका दृष्टिक्षेपात समजत होते: हे पाणी, हे तेल, हा पट्टा. हिंदुरावांनी आपले उघडले तेव्हा काळ्या प्लास्टिकचे एक गुळगुळीत झाकण दिसले आणि झाकणावर कंपनीचे नाव.

"आत काय आहे?" मी विचारले.

"ते आपण बघायचं नसतं, दाजी."

"बघा, बघा," रंगराव उसळून म्हणाले. "मालकालाच बघायचं न्हाई! हिला शिंक आली तर सातारला न्यावी लागती. तितं वायर जोडून कॉम्प्युटर सांगणार, कुटं दुखतंय. माझी काय बी झालं तरी तारेनं बांधली की चालली."

"व्हय की, सगळी तारंनंच बांधलीया," हिंदुराव म्हणाले. "दाजी, हिला गाडी म्हणू नका. कुंपण हाय ते. मधी एक इंजिन कोंडलंय."

बघ्यांत हशा पिकला. रंगरावांच्या कपाळाची शीर उभी राहिली. मी वाकून जुन्या गाडीच्या खालून पाहिले. पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारा दांडा तेथे नव्हता.

"हा कुठे गेला?"

"काढला. डिझेल पितोय फुकट. मागच्या दोन चाकांवर इतकी वर्सं चढलीया, चार कशाला पायजेत?" मग धाकट्याकडे न पाहता त्यांनी पुढे जोडले, "ज्याच्या मनगटात न्हाई त्याला चार लागत्यात."

आता अटी. तीच वाट, तेच ओझे, तीच माणसे; प्रथम जुनी, मग नवी; चढावर अडल्यावाचून आणि मागे घसरल्यावाचून जी वर जाईल ती सरस. माणसे कोणती घ्यायची यावर पुन्हा जुंपली. रंगराव म्हणाले, माझ्या गाडीची बाजाराची माणसे घ्या, आणि त्यांनी रोज वागतात तसेच वागायचे. ही माणसे नव्या गाडीत एकदाही बसलेली नव्हती, कारण रंगरावांनी दिवाळीतच जाहीर केले होते की जो एकदा त्या गाडीत बसेल त्याला या गाडीत जागा नाही. हिंदुरावांकडे जात ती कॉलेजची पोरे आणि खालच्या वस्तीतले काही लोक.

"तुझीच घे की," हिंदुराव प्रथमच थेट भावाला म्हणाले. "तुझ्या माणसांसकट तुला हरवतो."

"लेका, तोंड सांभाळ."

"मी पंचांशी बोलतोय."

"माझ्याकडे तोंड करून बोलत नव्हता," मी म्हणालो. "अट मान्य आहे की नाही, एवढेच सांगा."

मान्य होती.

मी जुन्या जीपमध्ये रंगरावांच्या डावीकडे बसलो. मागे समोरासमोरच्या बाकांवर माणसे भरली. त्यांत दोघांची ओळख करून देतो. एक तात्याबा कुंभार, साठीचे, नेहमी मागच्या तोंडाशी बसणारे. दुसरी गौळवाड्यावरची ठकूबाई झोरे, जी दर बाजाराला खव्याचा डबा घेऊन पाटणला जाई. तिचे वय तिलाही नक्की ठाऊक नव्हते. गुडघे मात्र सत्तरीचे होते. तिने रंगरावांना परकरी वयातल्या कलावतीला पाठुंगळीला घेऊन हिंडताना पाहिले होते, त्यामुळे ती त्यांना अरेतुरे करी आणि रंगराव ते ऐकून घेत.

गाडी निघाली. तिचा आवाज, थरथर आणि डिझेलचा वास यांनी माझे जुने मन प्रसन्न झाले, हे मी नाकारत नाही. पहिली दोन वळणे ती गुरगुरत चढली. मग आले घोरपडीचे वळण. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, मधे सैल मुरमाचा असा चढ की उभ्या माणसाची टाच सरकावी.

गाडी मंदावली. कोणी काही बोलले नाही. रंगरावांनी मागे पाहिले नाही, भोंगा वाजवला नाही, हूं की चूं केले नाही. तरी मागे एकाच वेळी हालचाल झाली. बायका उतरल्या आणि डोक्यावर ओझी घेऊन कातळाकडेच्या पायवाटेला लागल्या. पुरुष उतरले आणि मागच्या पायरीवर, बंपरवर, जिथे पाऊल टेकेल तिथे दाटीने उभे राहिले. तात्याबांनी रस्त्याकडेचा एक दगड उचलला. गाडी ढळलीच तर चाकामागे लावायचा, ज्याला तिकडे उटी म्हणतात. आणि तो दगड पोटाशी धरून ते मागच्या चाकाबरोबर चालू लागले.

"चला, मागं!" रंगराव गरजले. ही आरोळी म्हणजे केवळ शिक्कामोर्तब होते. काम आधीच झाले होते.

मागची माणसे एका लयीत वरखाली दबू लागली. त्यांचे वजन नेमके मागच्या चाकांवर पडत होते. चाकांनी मुरूम ओरबाडला, धूर झाला, इंजिन किंचाळले, आणि ती म्हातारी गाडी अक्षरशः दातओठ खात वळण चढून गेली. मनातल्या मनात मी निकाल लिहूनही टाकला.

वळणाच्या माथ्यावर आम्ही बायकांची वाट पाहत थांबलो. ठकूबाई शेवटी आली. एक हात डोक्यावरच्या डब्याला, एक गुडघ्याला, आणि तोंडाने श्वास.

"बस लवकर, मावशे," रंगराव म्हणाले. "हितंच बाजार भरवतीस काय?"

ती बसली. आम्ही खिंडीपर्यंत गेलो आणि त्याच गाडीने खाली आलो.

"लिहिलंत का, दाजी?" रंगरावांनी विचारले.

"दुसरा पक्ष ऐकल्याशिवाय मी काही लिहीत नाही."

नव्या गाडीत मंडळी बिचकत बसली. ठकूबाईने आसनावर हात फिरवून पाहिला, मग पदराने पुसले. हिंदुरावांनी काचा वर केल्या. बाहेरचा आवाज बंद झाला तसे तात्याबा म्हणाले, "कान बसल्यागत झालं." पहिली दोन वळणे कधी गेली ते कळले नाही. घोरपडीच्या वळणाशी हिंदुरावांनी चारही चाकांचा जोड घालण्यासाठी क्षणभर, केवळ क्षणभर, गाडी उभी केली.

तेवढ्यात मागची दारे उघडली.

"आरं, बसा! कुणी उतराय सांगितलं?" हिंदुराव ओरडले.

पण पायांना तोंडापेक्षा जुनी शिकवण होती. बायका पायवाटेला लागल्या होत्या. तात्याबा दगड शोधत होते. पुरुष मागच्या लांब पायरीवर, शिडीवर, जादा चाकाच्या कडीवर चढून उभे राहिले होते आणि दबूही लागले होते. जुन्या आखूड गाडीत ती पायरी चाकांना चिकटून होती. या गाडीत ती चाकांच्या कितीतरी मागे होती. परिणाम तराजूसारखा झाला. मागे पारडे खाली गेले आणि पुढचे नाक उचलले गेले. जी पुढची चाके ओढणार होती आणि वळवणार होती तीच मुरमाला पुरती टेकेनात. हिंदुरावांनी चाक कातळाकडे फिरवले. गाडी दरीकडे चालली.

"उतरा! उतरा म्हणतोय!"

गाडी अडते आहे हे पाहून मागच्यांनी, इतक्या वर्षांच्या सवयीने, अधिकच जोर लावला.

मी डावीकडे पाहिले. खिडकीत रस्ता नव्हता. खाली पळसाचे शेंडे दिसत होते.

हिंदुरावांनी ब्रेक दाबला, मग तो सैल करून गाडी मागे सोडली. ती तिरपी घसरली, कातळाकडच्या चरात तिचे मागचे चाक गेले, आरसा दगडावर फुटला आणि सगळे थांबले. तात्याबांची नडगी सोलवटली होती. ते दगड पोटाशी धरूनच खाली बसले.

हिंदुराव दार उघडून बाहेर आले ते थेट एका माणसाच्या गळपट्टीला भिडले. "मारायला आलात मला? त्यानं शिकवून पाठवलंय तुमास्नी!"

"आमाला काय ठावं? आमी रोज करतो तेच केलं!"

गाडी चरात गेल्याचे खालून दिसताच रंगराव पायवाटेने धापा टाकीत वर आले. आरसा पाहिला, चर पाहिला आणि हसले. ते हसू मला आजही आठवते. त्यात आनंद कमी आणि विष अधिक होते.

"झाली का परीक्षा? चार चाकं म्हणं, चार चाकं! बोळवण करा हिची."

हिंदुरावांनी गाडीतून जॅकची लोखंडी दांडी काढली.

"दाजी, बाजूला व्हा."

"मी बाजूला झालो तर हे प्रकरण दिवाणीतून फौजदारीत जाईल," मी दोघांच्या मधे उभा राहून म्हणालो. "आणि त्या शाखेचा मला अनुभव नाही. दांडी खाली ठेवा."

"त्यानं माणसं फितवली."

"मी? आरं, ती माझ्यासंगं जातात, म्हणजे माझ्या पायाखालची ढेकळं हायत काय? इचार त्येंस्नी!"

मी विचारले. प्रत्येकाने तेच सांगितले: कोणी सांगितले नाही, गाडी थांबली म्हणून उतरलो. ठकूबाईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "ह्या दगडाशी आलं की पाय आपसूक खाली येत्यात, पावणं. झोपंतबी येतील."

हिंदुरावांनी दांडी टाकली. माणसे दूर झाली तशी त्यांनी गाडी सुरू केली, आणि चरात रुतलेले ते चाक कोणाचा हात न लागता, एका हिसड्यात बाहेर आले. बघे वाकून चराकडे पाहू लागले. रंगरावही.

मी म्हणालो, "ही फेरी ग्राह्य धरता येत नाही. एका गाडीसाठी घडलेली सवय दुसरीवर लादून तुलना होत नाही. नवी गाडी पुन्हा चढेल. सर्वांनी आत बसून राहायचे."

"हे न्हाई चालायचं!" रंगराव कडाडले. "रोज वागत्यात तसं वागायचं, हे ठरलं हुतं. माझी चढली, त्याची पडली. निकाल लागला. तुमाला मी आजचा वळखतो काय? बापाच्या तेराव्यालाबी असंच, समद्यांचं झाल्यावर तुमचं निराळं."

"तेराव्याला मी बरोबर होतो, आणि आजही आहे."

"मग तुझीबी बसवून ने की," हिंदुराव म्हणाले. आता ते सरळ भावाच्या डोळ्यांत पाहत होते. "मी नेतो बसवून, तूबी ने. का तुझी गाडी उतरूनच चढती?"

तेथे जमलेल्या प्रत्येकाने तो प्रश्न ऐकला. रंगरावांनी उत्तर दिले ते मनापासून दिले, याविषयी मला आजही शंका नाही.

"उतरत्यात ती त्येंची सवय हाय," ते म्हणाले. "गाडीनं कुणाला उतर म्हणून सांगितलं न्हाई. नेतो बसवून. समद्यांस्नी नेतो. आन दाजी, कान उघडं ठेवून ऐका: चढली, तर हा उद्या गाव सोडंल. न चढली, तर म्या ह्या वाटंला पुन्हा चाक लावणार न्हाई."

"मान्य," हिंदुराव म्हणाले.

नव्या गाडीची दुसरी फेरी सांगण्यासारखी नाही, आणि तीच तिची मातब्बरी. हिंदुरावांनी खालूनच जोड घातला होता. वळणाशी आल्यावर माणसांच्या मांड्या आखडल्या, तात्याबांचा हात दाराकडे गेला आणि हिंदुराव गुरकावले, "हलू नका. सामानागत बसा." ठकूबाईने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले. गाडीने नाक खाली धरून, संथपणे, एकाही दगडाची विचारपूस न करता वळण घेतले. खिंडीत थांबल्यावर ठकूबाईने डोळे उघडले.

"झालं?"

"झालं."

"घोरपड गेली?"

"मागंच गेली, म्हातारे. उतरा आता, आसनं मळवू नका."

ती उतरली. गुडघ्याला हात न लावता उतरली, आणि उतरल्यावर काही वेळ आपल्या पायांकडे पाहत उभी राहिली.

मग रंगरावांची पाळी. नव्या गाडीनेच खाली आल्यावर जीपच्या ताडपत्रीखाली माणसे पुन्हा दाटीने बसली. मी पुन्हा पुढे. रंगरावांनी चाकाला हात जोडले, जे पहिल्या वेळी केले नव्हते. ओढ्यातूनच त्यांनी वेग घेतला. पहिले वळण, दुसरे वळण. गाडी उसळत होती, माणसे एकमेकांवर आदळत होती. घोरपडीच्या वळणात ती आवेशाने शिरली आणि निम्म्यावर तिचा आवेश संपला.

मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. मुरूम बंदुकीच्या छऱ्यांसारखा मागे उडाला. रबर जळाल्याचा वास आला.

"मागं!" रंगराव ओरडले.

कोणी हलले नाही.

"आरं, मागं व्हा की! मागं!"

तात्याबा निम्मे उठले. ठकूबाईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ते बसले.

गाडी सरकू लागली. पुढे नव्हे, मागे. रंगरावांनी ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला, तरी ती इंचाइंचाने दरीकडे तिरपी होत होती. मी साखळी काढून खाली उडी घेतली, हाती लागला तो दगड उचलून चाकामागे सरकवला आणि तो चाकाखाली नीट दबेपर्यंत पायाने रेटून धरला. जन्मात प्रथमच मी उटी लावली. दोन फेऱ्या मी त्या आसनावर बसून पाहिलेला चढ खालून अगदी निराळा दिसत होता.

रंगरावांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. इंजिन बंद पडले. तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी मान वळवून मागे पाहिले. बाकांवर सगळी माणसे मांडीवर गाठोडी घेऊन निमूट बसलेली होती.

"मावशे, उतर."

"बसायचं ठरलंय."

"उतर म्हणतो ना! आन तू रं तात्या, दगूड धराय काय तुजा बाप येणार?"

"बसायचं ठरलंय, रंगराव," तात्याबा खाली पाहून म्हणाले.

रंगरावांनी चाकावर मूठ आपटली. ते खाली उतरले. हिंदुरावही पायवाटेने चालत वर आले होते आणि कातळाला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी विजय म्हणणार नाही. शेजाऱ्याच्या घराची भिंत पडताना पाहावी तसे ते पाहत होते.

"दाजी, लिहा," रंगराव म्हणाले. "ह्या म्हातारीनं दगा दिला. माझ्या गाडीत बसून माझीच गाडी पाडली. चोवीस वर्सं हिला नेली, आन्‌ ही अशी फिरली. नव्या आसनाची ऊब लागली न्हवं? लिहा!"

मी घसा साफ केला. "उभय पक्षांचे म्हणणे ऐकून आणि प्रत्यक्ष पाहणी करून माझे मत असे होते की, पहिल्या फेरीपुरता विचार करता जुनी गाडी अटीनुसार चढली, तथापि..."

"पावणं, जरा थांबा," ठकूबाई म्हणाली.

ती आपणहून खाली उतरली. डबा तिने बॉनेटवर ठेवला. वाफ निघणाऱ्या त्या गाडीच्या पुढ्यात ती रंगरावांसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही, बोटही उगारले नाही.

"रंगबा, आजच्या आदी ह्या वळणावर म्या कवा तुझ्या गाडीत बसून ऱ्हायलेय?"

रंगरावांनी वाफेकडे तोंड फिरवले.

"सांग की."

"कवाच न्हाई."

"माझी सून ओली बाळंतीण हुती. पाटणच्या दवाखान्यात नेत हुतास तिला, अंगावरचं रगात थांबत नव्हतं म्हणून. हितं काय झालं?"

"उतरली," रंगराव म्हणाले.

"उतरली. म्या एका हातानं पोर धरलं, एका हातानं तिला. वर पोचलो तवा तू गाडीच्या पाठीवर थाप मारून काय म्हणालास, ठाव हाय?"

"काय काय ध्यानात ठिवतीस गं, म्हातारे..."

"म्हणालास, काय गाडी हाय बघा, लेकाची! कुटं बी चढती." तिने डबा उचलला. "उद्यापासनं आमी त्या गाडीत जाणार. तो हिंदुराव तोंडाचा वाईट हाय, पण बसवून नेतो."

"माझ्या गाडीनं तुमास्नी चोवीस वर्सं वर न्हेलं!" रंगराव ओरडले. "त्याच्या डब्यात बसायला लाज न्हाई वाटत?"

ठकूबाईने डबा डोक्यावर घेतला, तो बसला आहे की नाही हे हाताने पाहिले, आणि पायवाटेला लागण्यापूर्वी म्हणाली,

"गाडी आमी चढवत हुतो, रंगबा. तू तेवढा बसून हुतास."